काझातल्या ओल्या काचांबद्दल

नमस्कार सर,

अभिप्राय वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण आमचं किट नेऊन कॅम्परच्या, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीच्या, खिडक्यांची कव्हरं घरी शिवू पाहणारे बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या तक्रारी अशा: हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला सकाळी काचांवरून पाणी ओघळत होतं, कव्हरं भिजून कुबट वास मारायला लागली, दोन तर रात्रीच गळून पडली, आणि हाच माल रविवार पेठेत अर्ध्या किमतीत मिळतो.

आधी पाण्याचं. ते बाहेरून आलेलं नाही. तुम्हा दोघांचा रात्रभराचा श्वास, आणि तुम्हीच लिहिलंय तसं आत शिजवलेली मॅगी आणि चहा, त्याची ही वाफ. कव्हर लावलं की गाडीतली ऊब काचेपर्यंत जात नाही, त्यामुळे काच उलट जास्तच गार पडते. कडेच्या फटीतून दमट हवा मागे गेली की तिचं तिथेच पाणी होतं. कव्हर ऊब राखतं. दमटपणा घालवायला हवा खेळती लागते. किटसोबतच्या कागदावर म्हणूनच लिहिलंय की एक काच दोन बोटं उघडी ठेवा आणि छताचा व्हेंट झाकू नका. साडेतीन हजार मीटरच्या वर, पारा शून्याखाली असताना हे जिवावर येतं, कबूल. पण सगळ्या फटी बुजवून आत शेगडी पेटवणं कृपया पुन्हा करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

आता कुबट वास. तुमचा फोटो मोठा करून पाहिला. आम्ही दिलेल्या दहा मिलिमीटरच्या एक्सएलपीई (बंद छिद्रांच्या प्लास्टिक) फोमवर तुम्ही जुन्या ब्लँकेटचा थर घातलाय आणि वरून गोधडीसारखा आडवा-उभा धावदोरा मारलाय. हातशिलाई सुरेख आहे, खरंच! पण हा फोम पाणी पीत नाही, ब्लँकेट पितं. शिवाय प्रत्येक टाक्याला फोम दबतो, आणि ऊब राखते ती त्यात अडकलेली हवाच. शिलाई फक्त कडेला, पायपिनमध्ये (कडेच्या कापडी पट्टीत) घ्यायची. ब्लँकेट उसवून काढा, उन्हात वाळवा, वास जाईल.

कव्हरं पडली ती मापामुळे. फोटोत वरच्या कोपऱ्यातून उजेड दिसतोय, म्हणजे माप नुसत्या काचेचं घेतलंय. वर्तमानपत्र चौकटीच्या खाचेत दाबायचं, कडेवरून नख फिरवायचं, आणि उमटलेल्या रेषेच्या बाहेर चारही बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त कापायचं. मग कव्हर खाचेत दाबून बसतं, काचेला चिकटणाऱ्या व्हॅक्यूम कपच्या भरवशावर राहत नाही. गारठ्यात त्या कपांचं रबर कडक होऊन सुटतं. लोहचुंबक लावाल तर तुमच्या ट्रॅव्हलर गाडीच्या आतल्या प्लास्टिक पॅनलला तो धरणार नाही.

चकचकीत बाजू बाहेर करूनही फरक पडला नाही म्हणता. रात्री पडणारही नाही. फॉइल उन्हासाठी आहे. मे महिन्यात विदर्भात जाणार असाल तर कव्हर काचेच्या बाहेरून बांधा, कारण ऊन काचेतून आत शिरल्यावर अडवण्यात निम्मी मेहनत वाया.

आणि काळी फिल्म आम्ही लावून देत नाही, कितीही आग्रह केलात तरी. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काचांवर फिल्म चिकटवायला बंदी घातली होती, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त उजेड अडवणारी काळी फिल्म आजही चालत नाही. आमची कव्हरं गाडी उभी असताना लावायची, निघताना काढायची.

किमतीचं म्हणाल तर फोम आणि कापड बाजारात स्वस्त मिळतं, त्यात काही गुपित नाही. घ्या तिथून. आम्ही पैसे घेतो ते कापलेल्या साच्यांचे आणि शिकवण्याचे.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन या. दोन्ही खिडक्यांचे साचे समोर बसून पुन्हा काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. नवा फोम लागला तर तेवढा द्यावा लागेल. पडलेली कव्हरं सोबत आणा, आणि शक्यतो अकराच्या आत या, नंतर शिलाईची बॅच सुरू होते.