अंगकोर वाट हरवलंच नव्हतं ओ

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला. थोडक्यात असा: कंबोडियातलं अंगकोर वाट हे जगातलं सगळ्यात मोठं हिंदू मंदिर 400 वर्षं जंगलात गाडलं गेलं होतं, 1860 साली किडे-फुलपाखरं गोळा करत फिरणाऱ्या एका फ्रेंच माणसाला ते अचानक सापडलं, भारतातून गेलेल्या कारागिरांनी बांधलं, बौद्धांनी बळकावलं, आज तिथे साधी उदबत्तीही लागत नाही, अर्ध्या दिवसात बघून होतं. खाली हात जोडलेले इमोजी. मी आई-बाबांना घेऊन कंबोडियाला जाऊन आलोय त्यामुळे राहवलं नाही, एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, "सापडलं". तो फ्रेंच म्हणजे आंरी मुओ, जानेवारी 1860 मध्ये गेला खरा, पण एका मिशनरी फादरला सोबत घेऊन गेला, वाट माहीत होती म्हणूनच ना? त्याच्या आधी 1850 साली बुइव्हो नावाचा दुसरा फ्रेंच फादर तिथे जाऊन आला होता आणि त्याचं वर्णन छापूनही आलं होतं. आणि हे दोघे पोचले तेव्हा आवारात बौद्ध भिक्खू राहत होते, त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, हरवलं कधी? 1632 साली उकोन्दायू काझुफुसा नावाच्या जपानी यात्रेकरूने आई-वडिलांच्या नावाने बुद्धमूर्ती अर्पण केल्या आणि तिथल्या खांबावर शाईने तसं लिहून ठेवलं. त्याच्याही आधी, 1580च्या दशकात आंतोनियु दा मादालेना हा पोर्तुगीज साधू अंगकोर बघून आला आणि त्याने ते दियोगु दु कोतुला सांगितलं, हा कोतु पुढे आपल्या गोव्यात पोर्तुगीज दफ्तरखान्याचा प्रमुख होता. म्हणजे मुओच्या जवळजवळ पावणेतीनशे वर्षं आधी ही खबर या कोतुपर्यंत पोचली होती, बोला! अंगकोर ही कंबोडियाच्या ख्मेर राजांची राजधानी, ती 15व्या शतकात दक्षिणेला हलली हे खरंय, पण राजधानी हलली म्हणून मंदिर हरवत नाही. 16व्या शतकात राजा आंग चानने ईशान्य कोपऱ्याकडच्या अपुऱ्या भिंती कोरून घेतल्यात. बरं, भोवती जवळजवळ 190 मीटर रुंद खंदक आहे, पाण्याने भरलेला, त्यामुळे जंगल तसंही थोडं लांबच राहिलं.

दुसरं, फॉरवर्डमधला फोटो, झाडाची मुळं दगडांना विळखा घालून बसलेली. तो अंगकोर वाटचा नाहीच, अंगकोरमधल्याच ता प्रोमचा आहे. आणि ता प्रोम हा सातव्या जयवर्मनने 1186च्या सुमारास बांधलेला बौद्ध विहार. झाडं तशीच ठेवायचं फ्रेंच संशोधकांनी मुद्दाम ठरवलं. एवढंच.

तिसरं, "उदबत्तीही लागत नाही". हे वाचून तर हसूच आलं. पश्चिमेच्या गोपुरात मधल्या दारातून न शिरता उजवीकडे वळा, तिथे आठ हातांचा उंचच्या उंच दगडी विष्णू उभा आहे. अंगाला पिवळं रेशमी कापड, पुढ्यात कमळाच्या कळ्या, केळी आणि उदबत्त्यांचा एवढा धूर की बाबांना ठसका लागला. लोक त्याला ता रीच म्हणतात, जागेचा राखणदार, आपल्या वेशीवरच्या म्हसोबासारखा समजा. एक बाई मुलाला घेऊन आली होती, मुलाचं डोकं मूर्तीच्या पायाला टेकवलं, काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. आईने चपला काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं तिला.

"बळकावलं" हा शब्द तर फारच डोक्यात जातो. दुसऱ्या सूर्यवर्मनने 12व्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णूसाठी बांधलं, पुढे तिथले राजे आणि लोकच बौद्ध झाले, त्यांचंच मंदिर त्यांनीच वापरलं, बाहेरून कोण आलं होतं बळकवायला? उलट 13व्या शतकात अंगकोरच्याच बाकी देवळांतल्या बुद्धमूर्ती छिन्नी लावून काढल्या गेल्या, काहींची तर लिंगं केली, आणि बहुतेक अभ्यासक हे काम शैव असलेल्या आठव्या जयवर्मनच्या काळातलं मानतात. हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही, गंमत आहे.

कारागिरांचं म्हणाल तर देव आपले, कथा आपल्या, राजांची नावं संस्कृत, सगळं कबूल. पण दगड कुलेन डोंगराचा, हात ख्मेर माणसांचे, आणि असा आराखडा भारतात कुठे दिसत नाही. भारताचा खरा संबंध हवा असेल तर 1986 ते 1993 आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे काम केलं, युद्ध चालू असताना, फारसं कोणी जायला तयार नव्हतं तेव्हा. रसायनांनी दगड घासले म्हणून नंतर टीकाही खाल्ली.

राहिलं अर्धा दिवस. आम्हालाही एका टूरवाल्याने हेच विकलं होतं, सूर्योदय, फोटो, नाश्त्याला परत. दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे परत गेलो. खालच्या ओवरीत शिरून उजवीकडे वळलं की भिंतीवर कोरलेलं कुरुक्षेत्र सुरू होतं, लोकांच्या हातांनी दगड काळा गुळगुळीत झालाय. बाबा शरपंजरी भीष्मासमोरच 20 मिनिटं उभे. आणि एक लक्षात आलं का, ही शिल्पं क्रमाने बघायची तर मंदिर डाव्या हाताला ठेवून चालावं लागतं, प्रदक्षिणेच्या उलट! उलटी फेरी अंत्यविधीची, त्यामुळे हे राजाचं स्मारकही असावं असं काही जण म्हणतात. पूर्वेकडे समुद्रमंथन, जवळजवळ 50 मीटर लांब, वासुकी ओढणारे 92 असुर आणि 88 देव. आईने मोजायला घेतले, चाळिसाव्याला चुकली, परत पहिल्यापासून.

तिकीट एका दिवसाचं 37 डॉलर, तीन दिवसांचं 62. तीनचंच घ्या. बाकानला, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात वरच्या मजल्याला, खांदे-गुडघे झाकलेले लागतात आणि बौद्ध उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी तो बंद असतो, तारीख बघून जा.