रिव्ह्यूला डेव्हलपरचं उत्तर: ते सीन ‘उगाच चिकटवलेले’ नाहीत

नमस्कार,

आमचा अ‍ॅडल्ट भयकथेचा गेम घेतलात, खेळलात आणि इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे वाटतात, तीच किंकाळी पुन्हा पुन्हा येते, अपडेटनंतर जुनं सेव्ह उघडत नाही, शेवट घाईत गुंडाळलाय, हे तुमचे सगळे मुद्दे आम्ही वाचले. ‘आम्ही’ म्हणजे दोघंच. लेखन आणि कोड माझ्याकडे, चित्रं आणि आवाज माझ्या सहकाऱ्याकडे.

चेहऱ्यांमागचं कारण सांगतो. चित्रं दॅझ स्टुडिओ या 3D सॉफ्टवेअरमध्ये रेंडर केलेली, म्हणजे संगणकाकडून तयार करून घेतलेली आहेत. खोलीत उजेड जितका कमी, तितके चित्रात दाणे जास्त राहतात. ते जाण्यासाठी एकेक चित्र फार वेळ रेंडर होऊ द्यावं लागतं, नाहीतर डीनॉइझर लावावा लागतो. डीनॉइझर दाण्यांबरोबर त्वचेचे बारकावेही पुसून टाकतो. आमची जवळजवळ सगळी गोष्ट रात्री घडते, त्यामुळे हे सतत जाणवतं. तुमचं म्हणणं मान्य आहे.

पण तुमचं एक वाक्य आम्हाला फार लागलं. तुम्ही लिहिलंय, “अ‍ॅडल्ट सीनचा कथेशी काडीचा संबंध नाही, भयकथा खपावी म्हणून ते मध्ये चिकटवलेत.” आणि त्याच रिव्ह्यूत थोडं वर तुम्हीच सांगितलंय की संवाद लांबलचक वाटले, म्हणून मजकूर भराभर पळवणारं ‘स्किप’ लावून पुढे गेलात.

आमचा गेम रेनपायवर, म्हणजे अशा वाचत पुढे जायच्या गेमसाठीच्या सॉफ्टवेअरवर बनलाय. त्यात स्किप एरवी फक्त आधी वाचून झालेल्या मजकुरावर चालतं. न वाचलेला मजकूर पळवायचा असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन तसा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. ती सोय आम्हीच ठेवली आहे. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला आणि सेव्ह गेलेल्याला ती लागते, त्यामुळे ती वापरल्याबद्दल तक्रार नाही. पण स्किप चालू असताना गेम विरामांवर थांबत नाही आणि आवाज पूर्ण वाजायच्या आत पुढची ओळ येते. भयकथेत काहीच घडत नसतं तो वेळच भीती तयार करतो. तोच वेळ निघून गेला, तर मागे उरतात फक्त दचकवणाऱ्या जागा, आणि ‘नुसत्या किंकाळ्या आहेत’ असं वाटणं साहजिक आहे.

आता त्या सीनबद्दल. (ज्यांना गेम अजून खेळायचा आहे, त्यांनी हा परिच्छेद वाचू नये.) पहिल्या सीनमध्ये दोन माणसांचे श्वास ऐकू येतात. दुसऱ्यात फक्त नायिकेचा. पडद्यावर दोघंही दिसत असतात, संवादही दोघांचे चालू असतात, पण श्वास एकच. तिसऱ्यात ती स्वतःचा श्वास रोखून ऐकते, आणि मग दुसरा श्वास फक्त डाव्या कानात येतो, जिथे त्या खोलीची भिंत आहे. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कोण आहे, याचा गेममधला पहिला पुरावा हाच. नायिकेला ते दिवसाउजेडी, कपडे घालून, जिन्यात बोलताना कळलं असतं तर ती निघून गेली असती. ज्याच्या इतकं जवळ गेलो तो माणूसच नाही, हे तिला कळणं, ही सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. माझ्या सहकाऱ्याने ते श्वास स्वतः रेकॉर्ड केलेत, पुन्हा पुन्हा. त्याला ‘चिकटवलेत’ म्हणणं आम्हाला सहन झालं नाही. ज्यांना दृश्यं नको असतील त्यांच्यासाठी ती झाकण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, आणि तेव्हाही पडदा काळा होऊन श्वास चालूच राहतात.

रिफंड घेतलात, तो तुमचा हक्क आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या नियमानुसार खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर तो मिळतो. मात्र पूर्णपणे अ‍ॅडल्ट म्हणून नोंदवलेले गेम तिथे आधीच सगळ्यांना दिसत नाहीत. ज्यांनी लॉगिन करून तशी पसंती चालू केली आहे, त्यांनाच ते दिसतात. त्यात 10 रिव्ह्यू होईपर्यंत गेमला एकूण शेराही मिळत नाही. आमचा गेम अजून तिथवर पोहोचलेला नाही. म्हणजे आमच्या पानावर आलेला माणूस तुमचं ते एक वाक्य वाचून परत जातो. आमचं घर या कामावर चालतं, म्हणून एवढं लांब लिहिलं. राग मानू नका.

पुढच्या अपडेटमध्ये किंकाळ्या कमी करतोय, शेवटाकडेही बघतोय, आणि चेहऱ्यांचं जमेल तसं. अ‍ॅडल्ट सीन आहेत तसेच राहतील. सेव्हची अडचण मात्र आधी सोडवायची आहे. ती फाइल अजून तुमच्याकडे असेल तर सपोर्टच्या मेलवर पाठवा, आणि अपडेट करण्याआधी गेम नेमका कोणत्या प्रसंगापर्यंत आला होता तेवढं सोबत लिहा.