ताजं मटण होतं, म्हणून तपासणी नको?

नागपूरकरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: शंभर वर्षांपूर्वी इथे डोळ्यांदेखत कापलेलं मटण मिळायचं, म्हणून तपासणी लागत नव्हती, सावजी मसाला जंतू मारायचा, कोणी आजारी पडत नव्हतं, ही सगळी भानगड 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणली.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो सोपा आहे. विक्रीसाठी जनावरं कुठे कापायची, हे ठरवण्याचा अधिकार, नागपूर तेव्हा ज्यात होतं त्या मध्य प्रांताच्या 1922 च्या नगरपालिका कायद्यातच होता. देशभराचा भेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा. कायदा होता म्हणजे तो रोज पाळला जायचा, असं मात्र मी म्हणत नाही.

आता ताजेपणा. फ्रिज नसताना त्याच दिवशी कापलेलं मटण कमी नासतं, हे खरंच. पण तपासनीस नुसता वास घ्यायला येत नाही. बोकड उभा असतानाच ताप, धाप, लाळ बघायची. कापल्यावर कलेजीच्या पित्तनळ्या चिरायच्या. रोगट असेल तर चपटे, पानासारखे कृमी बाहेर येतात. फुप्फुस हाताने चाचपायचं. पाण्याने भरलेला टणक फोड लागला, तर तो हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्या जंताच्या अळ्यांचा फोड, असू शकतो. गंमत म्हणजे तो फोड खाणाऱ्याला बाधत नाही. खाटकाने ते फुप्फुस दुकानामागच्या कुत्र्याला टाकलं, की कुत्र्याच्या पोटात जंत वाढतात, विष्ठेतून अंडी पडतात आणि मातीत खेळणाऱ्या पोराच्या तोंडात जातात. ज्याच्या घरी मटण शिजतच नाही, त्याचंही पोर यात सापडतं.

सावजीबद्दल मलाही प्रेम आहे, पण जंतू मरतात ते आचेने, तिखटाने नव्हे. आणि आचेलाही काही जंतू पुरून उरतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू रटरटत्या रश्श्यातही टिकतात, आणि मोठी हंडी रात्रभर तशीच ठेवली की हळूहळू निवताना भराभर वाढतात. मग तो रस्सा खाल्ल्यावर काही तासांनी पोटात मुरडा. त्यात नागपूरचा मे महिना!

राहिलं ‘कोणी आजारी पडत नव्हतं’. 1901 ते 1911 या दशकात देशातलं सरासरी आयुर्मान सुमारे 23 वर्षं होतं. त्याचा दोष मटणाला देता येणार नाही. प्लेग, हिवताप, पटकी आणि बालमृत्यू त्यामागे होते. पण तेव्हाच्या मृत्यूनोंदीत सगळ्यात मोठा रकाना नुसता ‘ताप’ असायचा. त्यात मटणाने कोण गेलं, हे मेसेज लिहिणाऱ्याला कुठून कळलं?