‘नुसता कातळ’ म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापूरच्या ग्रुपांवर राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरबद्दल असा मजकूर फिरायला लागतो: ‘दाजीपूरच्या माथ्यावर झाड ना झुडूप, नुसता कातळ. चार पोरांनी तंबू ठोकला, जाळ केला तर कुठलं जंगल बुडतंय? अभयारण्य गव्यांसाठी, आणि गवे खाली झाडीत. गावची गुरं चालतात, मग आम्हालाच बंदी का?’

आधी कातळ. हा जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे. माती काही ठिकाणी बोटभरही नाही आणि तिच्यात नत्र अगदीच कमी. म्हणून तर इथं दवबिंदू आणि सीतेची आसवं ही किडे खाणारी रोपं उगवतात. किडे पकडून ती नत्राची तूट भरून काढतात: दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी, आसवं ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांनी. दाट सावलीत यातलं काही तगत नाही, म्हणजे झाडी नसणं हीच त्यांची सोय. मे महिन्यात सडा बघून ‘इथं काही नाही’ म्हणणं म्हणजे पेरणीआधी रान बघून पीक गेलं म्हणण्यासारखं. बिया, कंद भेगांतल्या मातीत पडून असतात. तंबूचे खुंटेही नेमके तिथंच ठोकले जातात, कारण जांभ्यात खुंटा शिरत नाही.

जाळ करायचा तर चुलीला सुटे दगड उचलले जातात. त्यांच्याखाली विंचू, पाली, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर) असतात. फुरसं हा विषारी सापही असतो, तेव्हा ज्याला निसर्गाशी देणंघेणं नाही त्यानंही हा मुद्दा मनावर घ्यावा. शिवाय अभयारण्याला धोका होईल असा जाळ करायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० नं मनाई आहे.

गव्यांबद्दल अर्धं खरं. १९५८ मध्ये दाजीपूर राखीव झालं ते गव्यांसाठीच. पण १९८५ मध्ये क्षेत्र वाढून राधानगरी अभयारण्य झालं आणि २०१२ मध्ये ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं, ते एका जनावरापुरतं नव्हे. बरं, गवा गवत खातो. कोवळ्या चाऱ्यासाठी तो उघड्यावरही येतो. आणि गवे बाजूला ठेवले तरी माथ्यावरचं पाणी जांभ्यातून झिरपून उतारावर झऱ्यांनी निघतं, पुढं भोगावतीतून पंचगंगेला मिळतं.

गुरांचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. जादा चराईनं सडा खराब होतोच. पण आत जमीनजुमला असलेल्यांचा हक्क कायद्यानं वेगळा धरलाय, आणि चराईवरही नियंत्रण ठेवता येतं.

राहिली ‘बंदी’. पर्यटनासाठी आत जायची परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. मेसेजमध्ये नेमकं तेवढंच गाळलंय.