चव उत्तम, आहार पुरेसा

आपण नुकतेच शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आला असाल, तर प्रथम आपले अभिनंदन. मुलांच्या दुपारच्या जेवणावर देखरेख ठेवण्याचे पुण्यकर्म आता आपल्या वाट्याला आले आहे, आणि ते कोणाचेही मन न दुखावता कसे पार पाडावे, याविषयी चार शब्द सांगावेत, असे गेल्या आठवड्यात मला वाटले. त्या मंगळवारी पालक-सदस्य म्हणून खिचडीची चव घेण्याची पाळी माझी होती. पातेले अजून चुलीवरच होते, पण चव नोंदवही टेबलावर तयार होती आणि तीत थेट शनिवारपर्यंतच्या रकान्यांत ‘चव उत्तम, आहार पुरेसा’ असे एकाच शाईने, एकाच हाताने लिहून झालेले होते. माझी फक्त सही बाकी होती.

तेव्हा पहिला सल्ला असा, की जिभेला कष्ट देऊ नयेत. जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून पाहावे हा नियम ज्यांनी केला, त्यांना बहुधा दुसरे काम नसावे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली आणि तेलात कीटकनाशक असल्याचे निष्पन्न झाले. परंतु ते बिहार, आणि त्याला आता किती वर्षे झाली! आपल्याकडे असे काही होत नाही, असे नोंदवहीत लिहिलेले आहे.

दुसरे म्हणजे निकष तोंडपाठ असावेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. त्यासाठी लहानांना १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. मोठ्यांना याच्या दीडपट. हे आकडे व्हरांड्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावेत, कारण तपासणीला आलेले साहेब भिंत अवश्य वाचतात.

भाजीची चिंता करू नये. खिचडी पिवळी दिसली, की भाजी पडली असे समजावे.

पोषणमूल्ये वाढवलेल्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे आहेत असे गावाने ठरवले असेल, तर ते निवडून फेकू द्यावेत. लोह आणि फॉलिक ॲसिड कोंबड्यांनाही लागतच असेल.

मात्र वजनकाट्यापासून कटाक्षाने दूर राहावे. मी काटा मागितला, तेव्हा त्याचा सेल संपला असल्याचे कळले, आणि तो कधी संपला हे तिथे कोणालाच आठवेना. काटा नसण्याचे महत्त्व समजून घ्यायचे असेल, तर थोडे गणित करावे लागेल. उष्मांकांचा बहुतेक भार एकटा तांदूळ उचलतो. १०० ग्रॅम तांदळाचे साधारण ३४५ उष्मांक आणि तेलाचे ४५ धरले, तर डाळीचा दाणाही न घालता ३९० पर्यंत मजल जाते. मुलाचे पोट भरते आणि तक्रार करायला कोणी उरत नाही. प्रथिने इतकी समजूतदार नाहीत. तांदळातून सुमारे सात ग्रॅम आणि २० ग्रॅम डाळीतून सुमारे पाच, मिळून बारा. म्हणजे सगळे काटेकोर मोजून घातले तरी निकष जेमतेम काठावर गाठला जातो, आणि डाळ निम्मी झाली की तो हुकलाच. शंभर मुलांना दोन किलो डाळ लागते. त्या दिवशी पातेल्यात डावाने तळ ढवळला, तर पिवळ्या पाण्यात मुगाचे दाणे शोधावे लागत होते. पट वाढला की डाळ वाढवायची असते, पाणी नव्हे, हे तिसरीतल्या मुलालाही त्रैराशिकाशिवाय सांगता येईल. पण नोंदवहीत हजेरीप्रमाणे ग्रॅमपर्यंत बरोबर डाळ खर्ची पडलेली होती. मग ती गेली कुठे? स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “दिलेली डाळ शिजवली, ताई. आणखी कुठून आणू?” केंद्राच्या हिशेबात २००९ पासून ज्यांच्या कामाची किंमत महिन्याला १,००० रुपये आणि तीही वर्षातून दहाच महिने धरली आहे (राज्ये आपापली भर घालतात, ती भागेल तेवढी), त्या बाईंना जाब विचारणे सर्वांत सोपे असते, आणि म्हणूनच बैठकीत जाब त्यांनाच विचारला गेला.

अंड्याचा विषय काढू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने मुलांना आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून, द्यायचे असेल तर लोकसहभागातून द्या, असे सांगितले. ज्या वस्तीतली मुले या जेवणाच्या आशेने शाळेत येतात, त्याच वस्तीतल्या लोकांचा सहभाग इथे अपेक्षित आहे.

दर कमी आहे, हे कारण नेहमी हाताशी ठेवावे, कारण ते खरेच आहे. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका ताटामागे ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे ठरले आहेत, आणि त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळे बसवायचे असते. एवढ्या पैशांत काय येते, हे बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या कोणालाही कळते. पण दर कमी आहे म्हणून आलेली डाळही ताटापर्यंत पोहोचू नये, हे कोणत्या शासन निर्णयात लिहिले आहे? आणि शासनाने पैसे वाढवावेत, असा एक तरी ठराव आपल्या समितीने कधी केला का? बैठकीत चर्चा झाली ती स्वातंत्र्यदिनाच्या मंडपाची.

तुम्ही सगळे सही करणारे आहात, म्हणून तुम्हालाच सांगते. ही खिचडी तुमची मुले खात नाहीत, तुमचे डबे घरून येतात, आणि म्हणून तुम्हाला ती पुरेशी वाटते. काट्याला सेल घाला. डाळ मुलांच्या हजेरीनुसार पातेल्याजवळ उभे राहून मोजा, आणि कमी भरली तर वहीत कमीच लिहा. पुरवठादाराचे पोते हलके आले असेल, तर ते उतरवून घेण्यापूर्वी तोला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. त्यांनी उत्तर दिले नाही, तर पुन्हा कळवा. शंभर मुलांची डाळ मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तेवढा वेळ नसेल, तर समितीचा राजीनामा द्या.