शिराझचा महोत्सव आणि शहाची मेजवानी: किती घोळ घालाल?

सध्या फिरणारा फॉरवर्ड असा: ‘इराणच्या शहाने पर्सेपोलिसच्या भग्नावशेषांत दरवर्षी पाश्चात्त्य कलेचा तमाशा मांडला, पॅरिसहून जेवण मागवलं, स्वतःची परंपरा विसरला, म्हणून 1979ची क्रांती झाली.’

पर्सेपोलिस म्हणजे शिराझ शहराजवळचे प्राचीन पर्शियन राजधानीचे अवशेष. आणि मुळात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरिसच्या ‘मॅक्सिम्स’चं जेवण ऑक्टोबर 1971मधलं. पर्शियन साम्राज्याच्या 2500 वर्षांचा तो शाही सोहळा, एकदाच झालेला. शिराझ कला महोत्सव मात्र 1967 ते 1977 दरवर्षी भरला. त्याला राणी फराह यांचा आश्रय होता आणि आयोजन सरकारी रेडिओ-टेलिव्हिजनचं. घोळ होतो कारण जागा एकच आणि सालही. मेजवानीच्या जेमतेम दीड महिना आधी, 26 ऑगस्ट 1971च्या रात्री, ग्रीक-फ्रेंच संगीतकार झेनाकिसची ‘पर्सेपोलिस’ ही ध्वनिरचना त्याच अवशेषांत वाजली. टेपवरचा कर्कश, दगड घासल्यासारखा आवाज, लेझरचे झोत आणि डोंगरावरून मशाली घेऊन उतरणारी शाळकरी पोरं. आवडो न आवडो, याला मेजवानी म्हणता येत नाही.

‘परंपरा विसरला’ हा आरोप तर उलटाच आहे. करबलाच्या शोकनाट्यावर, ताझियावर, शहाच्या वडिलांनी 1930च्या दशकात निर्बंध घातले होते. तोच ताझिया पहिल्याच वर्षी महोत्सवात आला आणि 1976मध्ये तर त्याचे प्रयोग मुख्य आकर्षण ठरले. मोहरमला आपल्याकडे ताबूत निघतात, त्यामागची कथा हीच. शिराझचा कवी हाफिझच्या समाधीपाशी इराणी शास्त्रीय गायन रंगे. आपलं कथकलीही तिथे झालं, बिस्मिल्ला खानांची सनईही. हे ‘पाश्चात्त्य’ कसं, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनीच सांगावं.

राहिली क्रांती. 1977मध्ये एका हंगेरियन नाटकमंडळीने शिराझच्या रस्त्यावरच्या दुकानात नाटक केलं, तेही रमजानात. त्यातल्या लैंगिक दृश्यावरून गदारोळ झाला, इराकमधल्या नजफमधून खोमेनींनी, म्हणजे पुढे क्रांतीचे नेते ठरलेल्या धर्मगुरूंनी, जाहीर निषेध केला. ठिणगी म्हणा हवं तर. पण महागाई, ‘सावाक’ या गुप्त पोलिसांचा जाच, राजकीय पक्षांची गळचेपी हे सगळं त्याआधीच साचलेलं होतं. महोत्सवावर टीका करायचीच तर याच मुद्द्यावर करा: देशात लेखक तुरुंगात असताना सरकारी पैशाने परदेशी प्रयोगशीलतेला मुक्त मंच मिळत होता. इराणी विचारवंत तेव्हाच हे बोलत होते, काहींनी बहिष्कारही घातला. 1978चा महोत्सव रद्द झाला, तेव्हा रस्त्यांवर गोळीबार सुरू होऊन महिने उलटले होते.