घुबडाच्या डोळ्यात काजळ

औषधाचा गुण लिहायला मला पाच मिनिटं लागतात. पथ्य, म्हणजे त्या गुणाच्या बदल्यात सोसायचा तोटा, लिहायला महिना जातो, आणि टेबलाभोवती बसलेली चार माणसं ते पथ्य पहिल्या चहाच्या आत फस्त करतात. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचण्याच्या खेळात, राजवाडे, राक्षस, भुयारं उभी करणं त्या मानाने सोपं. एखादी जगावेगळी नशा आणायची म्हटली, की डीएमला, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणाऱ्या माणसाला, वैद्य, वकील आणि अबकारी निरीक्षक अशी तीन पदं एकदम सांभाळावी लागतात, तीही बिनपगारी.

नमुन्यादाखल चांदणकाजळ घ्या. हे माझंच कार्टं. डोळ्यात घातलं की तासभर, गेल्या चोवीस तासांत तिथून गेलेल्या प्रत्येकाची पावलं चांदणं सांडल्यासारखी चमकताना दिसतात. दोन्ही डोळ्यांना मिळून एक बोट, म्हणजे एक मात्रा. डबीत तीन मात्रा, डबीची किंमत 60 सोन्याची नाणी. इथेच थांबलो तर ती नशा नव्हे, महागडी बॅटरी झाली. नशेला उधारी हवी, आणि खरी डोकेदुखी ती वसूल करण्यात आहे.

पहिला मोह होतो तो हिट पॉइंट्स, म्हणजे पात्रात किती जीव उरला तो आकडा, कापण्याचा. तो टाळा. 50 नाण्यांची औषधाची बाटली चार बाजूंचे दोन फासे अधिक 2, म्हणजे सरासरी 7 पॉइंट परत देते आणि उरलेले आठ तासांच्या झोपेत भरून येतात. प्लेअरच्या लेखी हिट पॉइंट्स म्हणजे सुट्टे पैसे. दुसरा मोह थकव्याचा. 2014 च्या नियमांत त्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि सहावीवर माणूस थेट मरतो. भीती चांगली आहे, पण एक पायरी चढवली तर ती एका रात्रीच्या विश्रांतीने, पोटात अन्नपाणी असेल तर, उतरते. या खेळात झोप हीच संजीवनी. म्हणून पथ्य असं काढायचं, जे झोपून फिटत नाही.

शब्द मात्र जपून वापरा. 'विष' लिहिलं की संपलात. ड्वार्फला, म्हणजे दाढीवाल्या बुटक्या जमातीतल्या पात्राला, विषाविरुद्ध ॲडव्हान्टेज असतो: वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. सेव्हचा, म्हणजे संकट टाळायला टाकायच्या फाशाचा, डीसी (गाठायचा आकडा) 13 आणि फाशात मिळवायचे कॉन्स्टिट्यूशनचे, म्हणजे काटकपणाचे, +2 असतील, तर इतरांना फाशावर 11 लागतात, म्हणजे 50 टक्के. ड्वार्फ 75 टक्क्यांवर बसून दाढी कुरवाळतो. धर्मयोद्धा पॅलाडिन हात ठेवून उपचाराच्या साठ्यातल्या 5 पॉइंटांत विष उतरवतो, पुजारी क्लेरिककडे लेसर रिस्टोरेशनचा मंत्र तयारच असतो. 'शाप' लिहिलंत तर रिमूव्ह कर्सचा मंत्र. त्यामुळे नियमाचं पहिलंच वाक्य: 'हे विष नाही, रोग नाही, शाप नाही, शरीराची उधारी आहे.' यावर क्लेरिक रुसतो. त्याच्यासाठी नव्हे, पण गोष्टीसाठी एक उतारा ठेवावा: ज्याची पावलं पाहिली, त्याच्याच हातचं पाणी डोळ्यांना लावलं की उधारी फिटली. आता चोराला पकडून चालत नाही, त्याला पाणीही मागावं लागतं.

उधारी अशी. तास संपताना सेव्ह करायचा. चुकला तर पुढचे 24 तास कोणाचाही चेहरा ओळखू येत नाही. नाक दिसतं, डोळे दिसतात, मिशा दिसतात, पण माणूस कोण ते लागत नाही.

चटक मोजायला वह्या करू नका. 'रोज सकाळी सेव्ह, दर दहा दिवसांनी तीव्रता कमी' असले तक्ते छापायला देखणे असतात, पण खेळातली तारीख कोणती हे तिसऱ्या बैठकीनंतर डीएमलाही सांगता येत नाही. मी चिंचोके वापरतो. एक मात्रा, प्लेअरसमोर एक चिंचोका. डीसी म्हणजे 11 अधिक चिंचोक्यांची दुप्पट: 13, 15, 17. आपल्या +2 वाल्याची शक्यता 50, 40, 30 टक्के अशी घसरत जाते. दर मात्रेला 5 चढवण्याचा कडकपणा करू नका. तिसऱ्याच मात्रेला डीसी 23 होतो, त्याला फाशावर 21 लागतात, आणि फासा विसालाच संपतो. हरणार हे ठाऊक असलं की माणूस फासा टाकणं सोडून मोबाईल काढतो. म्हणून चिंचोके पाचाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत.

बैठकीच्या सुरुवातीला सहा बाजूंचा फासा. आकडा चिंचोक्यांइतका किंवा कमी आला तर तलफ: मात्रा घेईपर्यंत किंवा बैठक संपेपर्यंत नजरेच्या प्रत्येक चाचणीला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे फासा दोनदा टाकून लहान आकडा धरायचा. ज्या बैठकीत काजळ घातलं नाही, तिच्या शेवटी एक चिंचोका परत. गंमत बाजूला ठेवून एक: हे सगळं आणण्याआधी प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा. एखाद्याने घरात व्यसन जवळून पाहिलेलं असतं. तसं असेल तर चिंचोके डब्यात, विषय संपला.

आता घुबड. विझार्डचं, म्हणजे जादूगाराचं, फॅमिलिअर (मंत्राने बोलावलेला सोबती प्राणी, इथे घुबड) 100 फुटांच्या आत असलं की त्याच्या डोळ्यांनी पाहता येतं. तेव्हा काजळ घुबडाला! पावलं दिसतात विझार्डला, चेहरे विसरतं घुबड, आणि घुबडाला कोणाचे चेहरे ओळखून करायचंय काय? बिघडलंच तर 10 नाण्यांचा कोळसा-धूप जाळून तासाभरात नवीन. तेवढ्यात आमचा रोग (आजार नव्हे, 'rogue', चोराचं पात्र) म्हणतो, गुण राहू दे, मला पथ्यच आवडलं: राजाच्या पहारेकऱ्यांना झोपेत काजळ घालू, मग आपल्याला ओळखणार कोण? कुठलंही औषध असं उलटं धरून बघावं. तोटा शत्रूला देता आला, तर तुम्ही नशा नव्हे, हत्यार लिहिलंय.

दुरुस्ती: 'स्वतःच्या बोटाने घातलं तरच लागू.' घुबडाला बोट नाही, पहारेकरी झोपलेला. दोन्ही दारं बंद. मग इम्प नावाचा छोटा सैतान पाळणारा वॉरलॉक, दुसरा जादूगार, खाकरतो, "अरे, पण माझ्या इम्पला हात आहेत." दुरुस्तीची दुरुस्ती: 'उधारी पाहणाऱ्याच्या डोक्यावर, मग डोळे कोणाचेही असोत.' एका काजळाला एवढी पोटकलमं.

एवढं करून एक हिशेब राहतोच. चेहरे गेले की माणसं आवाजावरून ओळखायची, आणि या जगात पहारेकरी, त्याची सासू, धान्याचा व्यापारी आणि ड्रॅगन या सगळ्यांचा आवाज एकच: माझा. बार्ड, म्हणजे गवयाचं पात्र, दर वाक्याला विचारतो, "हा आवाज ओळखीचा वाटतो का?" प्रामाणिक उत्तर एकच, सगळेच वाटतात. मग सासूला किनरा, व्यापाऱ्याला गेंगाणा आणि ड्रॅगनला बेंबीच्या देठापासून असा आवाज लावावा लागतो, तोही पूर्ण 24 तासांच्या खेळात. सेव्ह चुकतो त्यांचा आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो मी.